सांभाळायला दिलेलं मूल

चि. मृणाल आणि चि. निनाद, अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर मृणालने विचारलं, "आजी, आई लहान असताना तू नोकरी कशी गं केलीस?" मी म्हटलं, "झालं तसं." फोन ठेवल्यावर मला चैन पडेना, कारण ते उत्तर खरं नव्हतं. त्याआधीच ती सांगत होती की अर्णवला पाळणाघरात सोडताना तो आता रडतही नाही, आणि तो रडत नाही याचंच तिला रडू येतं. ऑफिसपाशी गाडी लावून ती दहा मिनिटं तशीच बसून राहते. इतकं मोकळेपणाने सांगणाऱ्या मुलीला मी दोन शब्दांत वाटेला लावलं. म्हणून हे लिहायला बसले आहे. निनाद, तुला अजून मूलबाळ नाही, पण तूही वाच. तुमच्या आईला मी हे कधी सांगितलेलं नाही. लिहून झालं की आधी तिला वाचायला देईन आणि मगच पोस्टात टाकीन.

छप्पन्न सालची गोष्ट. आम्ही अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. घरात मी, तुमचे आजोबा, माझ्या सासूबाई आणि पावणेदोन वर्षांची तुमची आई. तिला सगळे बेबी म्हणत. आजोबांची नोकरी फिरतीची, महिन्यातले दहा-बारा दिवस ते बाहेरगावी. मी बी.ए. झाले होते आणि घरापासून सात-आठ मिनिटांवरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. गरज होती म्हणून मी नोकरी करत होते असं नातेवाइकांना सांगितलं जायचं. तसं नव्हतं. मला शिकवायला आवडायचं. आठवीच्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिले की मी आहे तेवढी पुरेशी आहे असं वाटायचं. घरी तसं कधी वाटलं नाही.

मूल कसं वाढवावं हे मी एका इंग्रजी पुस्तकातून शिकले होते. त्यात सगळं घड्याळावर होतं. किती वाजता दूध, किती वाजता फळ, किती वाजता मऊ भात. मुलाला मोठ्यांच्या पंगतीत जेवायला बसवू नये, त्याचं जेवण वेगळं, शांत जागी आणि ठरल्या वेळी व्हावं, असा त्यात नियम होता. मला नियम आवडतात हे तुम्हाला माहीतच आहे. मी एका पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. सकाळी नऊला मी भरवायची, कारण पावणेदहाला निघायचं असे. बारा वाजता सासूबाई भरवायच्या. त्या स्वतः पूजा आणि जप आटोपून दीड वाजता जेवत. त्यांना मोतीबिंदू होता, घास बेबीच्या तोंडाऐवजी गालाला लागायचा, पण मी मापून ठेवलेली वाटी त्या प्रामाणिकपणे तिच्यासमोर धरत. वेळापत्रक काही त्यांना पटलं नव्हतं. "अगो, भूक काय घड्याळात बघून लागते?" एवढंच त्या म्हणाल्या, तेही एकदाच.

दिवाळीनंतर बेबीने जेवण सोडलं. ताप नाही, खोकला नाही. घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची. अर्ध्या तासाने तोच घास फ्रॉकवर सांडलेला सापडायचा. पुढे तोंड उघडणंही बंद झालं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, पोटात काही दोष नाही म्हणाले, टॉनिक दिलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. त्याच दिवसांत शाळेचं इन्स्पेक्शन जवळ आलं होतं. रोज सकाळी मी एका हातात वाटी आणि दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ अशी तिच्यामागे खोलीभर फिरायची. शाळेत पोचले की वर्गात तिचं बंद तोंड दिसायचं, आणि घरी तिला भरवताना मनात धड्यांच्या टिपणांची जुळवाजुळव चालायची. मृणाल, दोन ठिकाणी अर्धी अर्धी असणं म्हणजे काय, हे मला तू सांगायला नको.

आता जे लिहिते आहे ते आजवर कुणालाच माहीत नाही. इन्स्पेक्शनच्या आधीच्या शुक्रवारी, निघायला पाच मिनिटं उरली असताना, मी बेबीचं नाक दाबून धरलं. श्वासासाठी तिने तोंड उघडलं आणि मी घास आत घातला. तिने तो गिळला. रडली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून संध्याकाळी मी घरी आले की ती सासूबाईंच्या लुगड्यामागे जाऊन उभी राहायची. सासूबाईंना वाटायचं ती लपंडाव खेळते आहे, त्या हसायच्या. मला कारण माहीत होतं.

मी राजीनामा लिहिला. चांगल्या अक्षरात, इंग्रजीत, चारच ओळी. इन्स्पेक्शन सोमवारी संपणार होतं आणि मंगळवारी शाळेला सुट्टी होती. बुधवारी मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात तो द्यायचा असं ठरवून मी तो पर्समध्ये ठेवला. सासूबाईंना तेवढं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "सोडायची तर सोड. पण त्याआधी एकदा पोरीला देवीच्या ओटीत घालून ये."

जोगेश्वरी ही आमच्या सासरची कुलदेवता. तिचं मूळ ठाणं फार लांब, पण अंधेरीच्या शेजारच्या डोंगरातही तिची गुंफा आहे, आणि आपल्यासारख्यांची सोय म्हणून ती इथे येऊन राहिली असं सासूबाई मानत. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. मूल सारखं आजारी पडू लागलं, खाईनासं झालं, की आईने त्याला देवीसमोरच्या पायरीवर ठेवायचं आणि सात पावलं मागे व्हायचं. नंतर तिने त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या एखाद्या बाईने, जी नात्यातली नाही अशा बाईने, मूल उचलून विचारायचं की हे कुणाचं. आईने म्हणायचं, देवीचं. मग ती बाई मूल आईच्या हातात देते आणि सांगते की देवीने हे तुला सांभाळायला दिलं आहे. आईने तिच्या पदरात पसाभर तांदूळ घालायचे. एवढंच.

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सासूबाईंचं मन मोडून राजीनामा द्यायचा नव्हता. मी वहीत यादी केली: खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ, निरांजन. एकेका वस्तूपुढे खूण केली. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी जा हो. मंगळवारी सकाळी बायकांची गर्दी असते." मी "हो" म्हटलं, आणि गर्दी असते म्हणूनच सकाळी गेले नाही. शाळेतल्या कुणा मुलीची आई भेटली असती तर, या विचाराने मला संकोच वाटत होता. इंग्रजी शिकवणारी बाई पोरीला पायरीवर ठेवते आहे हे कुणी बघायला नको होतं. म्हणून मी टांगा करून बरोबर बाराच्या सुमाराला गेले.

तेव्हा तिकडे म्हशींचे गोठे आणि गवताची रानं होती. टांगेवाला झाडाखाली थांबला. गुंफेत जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या खाली उतरतात, आणि मग एकदम मोठा थोरला अंधार लागतो. खांबांच्या रांगा, वरून कुठेतरी ठिबकणारं पाणी, आणि मधोमध देवीचा गाभारा. पुजारीसुद्धा जेवायला गेला होता. मी ओटी भरली, निरांजन लावलं. बेबीला पायरीवर बसवलं. पावलं मोजत मागे झाले. सातवं पाऊल पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मूल उचलायला दुसरी बाई हवी आणि तिथे कुणीच नाही. यादीतल्या सगळ्या वस्तू मी आणल्या होत्या, पण ही एक गोष्ट मीच माझ्या हाताने टाळली होती.

आपणच उचलावं, घरी जाऊन झालं म्हणून सांगावं, असा विचार मनात आला. कुणाला कळणार होतं? पण पाय उचलेना. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सात पावलांवरून मी तिला पाहिलं. इतके महिने मी तिला एक वाटीच्या अंतरावरून पाहत होते. पायरीवर बसलेली ती मुलगी मला फार लहान दिसली, आणि फार एकटी. माझे हात तिला उचलायचे, पण त्याच हातांनी तिचं नाक दाबलं होतं. मी हात मागे बांधले. देवीला म्हटलं, मला जमलं नाही. याहून जास्त काही मला सुचलं नाही, आणि ते म्हणतानाही कुणी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं.

बेबी थोडा वेळ निरांजनाकडे बघत बसली. मग पालथी होऊन पायरीवरून उतरली आणि चालायला लागली. माझ्याकडे नाही, उलट दिशेला, खांबांच्या मागे, अंधारात. तिच्या पायात वाळे होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी त्या आवाजामागे चालले. उचलायचं नाही आणि नजरेआडही होऊ द्यायचं नाही, अशी. एका वळणावर आवाज थांबला. तेव्हा मात्र मी धावले.

गुंफेच्या दुसऱ्या टोकाला एक दार आहे, तिथून थोडा उजेड येतो. त्या उजेडात एक बाई जेवायला बसली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, गुडघ्यापर्यंत लुगडं, शेजारी गवताचा भारा. फडक्यावर भाकरी, तिच्यावर लसणीची चटणी आणि कांदा. बेबी तिच्या मांडीवर बसली होती. बाई एक तुकडा स्वतःच्या तोंडात घालत होती आणि एक तुकडा बेबी स्वतःच्या हाताने उचलत होती. बेबी चावत होती. गिळत होती. तिखटाने नाकातून पाणी येत होतं, तरी पुन्हा हात पुढे करत होती.

मी आत आले तेव्हा तो कोपरा रिकामा होता असं मला वाटतं. पण भर उन्हातून अंधारात आलेल्या डोळ्यांवर कितीसा भरवसा ठेवायचा? त्या बाबतीत मी कुणाशी वाद घातला नाही, आताही घालणार नाही.

बाईने मान वर केली. बोलणं मालवणी होतं. "ह्यां पोर कोणाचां गो?"

मी म्हटलं, "देवीचं."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोटांना लागलेलं हळदकुंकू पाहिलं आणि हसली. "असां काय. मगे देवीचां पोर इतक्या भुकेलां कित्या?"

"ती जेवतच नाही," मी म्हटलं. "दोन महिने झाले."

"जेवता मां. तुझ्या डोळ्यांफुडे जेवता." तिने आणखी एक तुकडा मोडला. "तू जेवतंस खय? तिच्यावांगडा?"

तिच्याबरोबर जेवतेस का, असं ती विचारत होती. मी सांगितलं की आधी तिला भरवते, मी मागाहून जेवते.

"बसान भरवतंस?"

"उभ्यानेच. घाई असते."

"म्हणान," ती म्हणाली. "उभ्या माणसाच्या हातचो घास पोरांच्या नरड्याखाली उतरणा नाय. तेंका वाटता, हवालदार इलो."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. तिने मला गप्प केलं नाही, समजावलंही नाही. ती जेवत राहिली. थोड्या वेळाने मी तिला विचारलं, तुम्हाला मुलं किती. ती म्हणाली, "तीन. गावाक आसत, सासूकडे. मी हय दुसऱ्यांच्या म्हशींका चारो घालतंय." वर्षातून एकदा, शिमग्याला, ती त्यांना बघायची. मी न राहवून विचारलं, जीव राहतो कसा? तिने भाकरीचा शेवटचा तुकडा बेबीच्या हातात दिला. "थंय कोणतरी तेंका जेवक घालता, म्हणान माका हय जेवण जाता."

तिथे कुणीतरी त्यांना जेवू घालतं, म्हणून मला इथे अन्न गोड लागतं. एवढंच ती म्हणाली. माझं मूल माझ्याच हातून जगलं पाहिजे, नाहीतर ते माझं अपयश, हा माझा हट्ट तिच्या त्या एका वाक्यापुढे मला फार पोकळ वाटला. तिच्याजवळ तेवढा हट्ट करण्याची सोयच नव्हती. तिला सोपवणं भागच होतं, आणि सोपवता सोपवता तिने विश्वास शिकून घेतला होता.

तिने तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, बेबीचं तोंड पदराने पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि न सांगता गाभाऱ्यासमोर चालत आली. आमच्याकडेही असंच करतात, म्हणाली. पायरीपाशी उभं राहून तिने बेबीला माझ्या हातात दिलं. "घे गो बाय. देवीचां आसा. तुका सांभाळूक दिलां हा."

मी तिच्या पदरात तांदूळ घातले. ती म्हणाली, "पुरे पुरे, देवीक तरी ठेव." मग परत कोपऱ्यात जाऊन भारा डोक्यावर घेतला आणि पायऱ्या चढून गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढचे तीन मंगळवार शाळा सुटल्यावर मी जाऊन आले. पुजारी म्हणाला, "बाई, भारेवाल्या रोज येतात नि जातात, कुणाला म्हणून ओळखू?"

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, उशिरा गेले हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण होती? कुणाकडची?" त्या काळात, आमच्या घरात, अनोळखी हातची भाकरी ही लहान गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "विचारलं नाही."  "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "देवीच्या घरी जेवायला गेल्यावर वाढणारीला गोत्र विचारू नये." मग हळूच, "हवालदार म्हणाली काय गो तुला?" आणि तोंडाला पदर लावून त्या किती तरी वेळ हसत होत्या.

बुधवारी मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. राजीनामा पर्समध्येच होता. मी म्हटलं, "बाई, मधल्या सुट्टीत मला घरी जेवायला जाण्याची परवानगी हवी." त्या शिस्तीच्या होत्या. "शिक्षकांच्या खोलीत डबा खायला काय होतं?" मी म्हटलं, "मुलीबरोबर जेवायचं आहे." चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांना हे कळेल अशी मला आशा नव्हती. शेवटी म्हणाल्या, "घंटेच्या आधी परत. आणि रस्त्यातून धावत येऊ नका, मुली बघतात." राजीनाम्याच्या कोऱ्या पाठीवर मी त्या आठवड्याच्या वाणसामानाची यादी केली.

मधली सुट्टी साडेबाराला व्हायची. आयुष्यभर दीडला जेवणाऱ्या सासूबाईंनी आपली पूजा एक तास अलीकडे ओढली. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. आम्ही तिघी जमिनीवर बसायचो. बेबीला वेगळी वाटी नव्हती. पहिल्या दिवशी तिने माझ्या पानातला भात नुसता कुस्करला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पानातलं भोपळ्याचं भरीत खाल्लं. एका दिवसात काही घडलं असं मी सांगणार नाही. होळीपर्यंत बांगड्या पुन्हा मनगटाशी बसल्या. पण ती माझ्यापासून लुगड्यामागे जायची थांबायला त्याहून जास्त दिवस लागले. ते मी मुकाट्याने सोसलं, कारण ते माझ्याच वाट्याचं होतं. एकदा जेवताना माझं लक्ष शाळेच्या वह्यांत होतं. तिने भाताची एक ढेप उचलून माझ्या तोंडाशी धरली आणि मी तोंड उघडेपर्यंत हात खाली घेतला नाही.

पुढे बत्तीस वर्षं मी शिकवलं. ताण गेला नाही. परीक्षेच्या दिवसांत, तुमच्या आईच्या गोवरात, सासूबाईंच्या अंथरुणाच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा आला. फरक एवढाच पडला की मी एकटी धरून आहे असं मला परत वाटलं नाही. सकाळी निघताना मी मनात देवीला म्हणायची, हिला आतापुरती तुझ्याकडे ठेवते, आणि दार ओढून घ्यायची. मृणाल, अर्णव रडत नाही याचा अर्थ तो तुला विसरला असा नाही. कुणीतरी त्याच्याजवळ बसून खात असेल, असं समज. त्या बाईचं नाव तरी विचारून ठेव, ते माझ्याकडून राहिलं. आणि घरी आलीस की बसून जेव.

देवीने मला काय दिलं याचा विचार मी पुष्कळदा करते. मागितलं तर काहीच नव्हतं, फक्त जमलं नाही एवढं कबूल केलं होतं. तेवढ्या कबुलीची ती वाट बघत असावी. कृपा येते तेव्हा ती आपल्या यादीतली नसते, इतकं मला समजलं. त्याबद्दल मी रोज हात जोडते.

अंधेरीचं ते घर पाडून वर इमारत झाली. शाळेचं नाव बदललं. गोठे गेले, गवताची रानंही गेली. गुंफेच्या डोक्यावरपर्यंत वस्ती चढली आहे, पण गुंफा आहे. सासूबाई गेल्या, तुमचे आजोबा गेले. त्या दोन खोल्यांतल्या आता तुमची आई आणि मी, दोघीच उरलो आहोत. बोरिवलीच्या या घरात ती रोज साडेबाराला दोन ताटं घेते आणि आम्ही जेवायला बसतो.